वजन उतरवताना फळांच्या कॅलरी मोजायच्या का?

गेल्या मे महिन्यात मी एका हापूसचं वजन केलं. घरात केकसाठी आणलेला इलेक्ट्रॉनिक काटा होता, त्यावर. अख्खा आंबा २५५ ग्रॅम भरला. साल निघाली ४० ग्रॅम, कोय ४५. उरला गर १७० ग्रॅम. मोबाइलवरच्या कॅलरी मोजणाऱ्या अॅपमध्ये मी आधीच ‘आंबा, १ नग’ असं टाकून मोकळा झालो होतो आणि अॅपने त्याच्या २०२ कॅलरी लावल्या होत्या. गराच्या वजनावरून हिशोब केला तर त्या शंभराच्या थोड्या वर जात होत्या. म्हणजे खाल्ला एक आंबा आणि खात्यावर पडले दोन! नंतर उलगडा झाला. अॅपने आकडा उचलला होता अमेरिकी कोष्टकातून आणि तिथला ‘एक आंबा’ म्हणजे नुसता गरच सव्वातीनशे ग्रॅमच्या पुढे भरणारा दांडगा नग. देवगडच्या आंब्याचा त्याच्याशी काय संबंध?

आई हे सगळं बघत होती. “फळ काय मोजून खातात का रे? उद्या देवापुढचं केळंही तोलशील,” असं म्हणून तिने काट्यावरची कोय उचलली आणि चोखायला घेतली. तिचं झाल्यावर मी कोय पुन्हा काट्यावर ठेवली. ३१ ग्रॅम. ते १४ ग्रॅम कुणाच्या नावावर मांडायचे, हे मी विचारलं नाही.

वजन कमी करणाऱ्या माणसाला या बाबतीत दोन टोकांचे सल्ले मिळतात आणि दोन्ही छातीठोकपणे. एक म्हणतो, फळं कितीही खा, त्यांच्या कॅलरी धरायच्याच नसतात. दुसरा म्हणतो, केळं, चिकू, आंबा आजपासून बंद. दोघांच्याही म्हणण्यात थोडं तथ्य आहे, म्हणून तर गोंधळ होतो.

आधी कॅलरी म्हणजे काय ते

एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला जेवढी ऊर्जा लागते ती एक कॅलरी. (शास्त्राच्या पुस्तकात हिला किलोकॅलरी म्हणतात. पाकिटावर, अॅपमध्ये आणि बोलण्यात सगळे तिला कॅलरीच म्हणतात, आपणही तेच करू.) अमेरिकेत विल्बर अॅटवॉटर या रसायनशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अन्नातल्या ऊर्जेचं मोजमाप केलं. त्यातून आलेला ढोबळ हिशोब आजही चालतो : साखर आणि पिठूळ पदार्थांच्या एका ग्रॅमला ४, प्रथिनांच्या एका ग्रॅमला ४ आणि तेल-तुपाच्या एका ग्रॅमला ९.

शरीर रोज जेवढं खर्च करतं त्यापेक्षा कमी आत गेलं की उरलेलं ते साठ्यातून काढतं. या फरकाला तूट म्हणू. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरींचा साठा. आठवड्याला अर्धा किलो उतरवायचं तर रोजची तूट सुमारे ५५० हवी. प्रत्यक्षात वजन उतरलं की शरीराचा खर्चही थोडा आटतो, त्यामुळे गणित इतकं सरळ राहत नाही, पण अंदाज घ्यायला पुरतं.

आता फळाकडे या. फळात साखर असते, तिच्या ग्रॅमला ४ कॅलरी पडतात आणि त्या शरीराच्या खात्यात जमा होतात. ‘फळाच्या कॅलरी धरायच्या नाहीत’ हे वाक्य शरीराला माहीत नसतं. त्यामुळे कॅलरी आहेत का, हा प्रश्नच नाही. त्या वहीत लिहिण्याच्या लायकीच्या आहेत का, हा आहे. घरखर्च लिहिणारी माणसं भाजीवाल्याकडच्या कोथिंबिरीच्या जुडीची नोंद करत नाहीत, आंब्याची पेटी मात्र लिहितात. फळांत कोथिंबीरही आहे आणि पेटीही.

पाव किलो कलिंगड आणि मूठभर शेव

बहुतेक ताज्या फळांत ऐंशी ते नव्वद टक्के पाणीच असतं. कलिंगडाच्या शंभर ग्रॅममध्ये ३० कॅलरी, पपईत ४३, संत्र्यात ४७, सफरचंदात ५२, हापूस-केसरमध्ये साठ किंवा थोड्या जास्त, पेरूत ६८, द्राक्षांत ६९. चिकू आणि डाळिंबाचे दाणे ८३, केळं ८९, सीताफळ आणि फणसाचे गरे नव्वदीच्या पुढे. हे सगळे आकडे साल, बिया काढून आणि अर्थातच अंदाजे.

शेजारी शेव ठेवा. शंभर ग्रॅममध्ये साडेपाचशेच्या आसपास. पाव किलो कलिंगडाच्या फोडी खाल्ल्या तर पोट तुडुंब होतं आणि खात्यावर पडतात ७५ कॅलरी. मूठभर शेव, फार तर २५ ग्रॅम, चहा संपायच्या आत संपते आणि सव्वाशेच्या वर लावून जाते. पोट भरल्याची जाणीव बरीचशी आकारमानावर आणि चावण्यावर असते, कॅलरींवर तेवढी नाही.

हे मोजून पाहिलेलंही आहे. १९९५ साली सिडनी विद्यापीठात लोकांना ३८ पदार्थ खायला दिले, प्रत्येकाचं प्रमाण २४० कॅलरी भरतील एवढंच, आणि पुढचे दोन तास पोट किती भरल्यासारखं वाटतं ते विचारत राहिले. पांढऱ्या पावाला १०० गुण धरले तर संत्र्याला २०२ मिळाले, सफरचंदाला १९७, द्राक्षांना १६२, केळ्याला ११८. लोण्याने भरलेल्या क्रॉसाँ या फ्रेंच पावाला ४७.

फळाला स्वतःचा असा एक वेगही असतो. मोठं सीताफळ घेऊन बसा. एकेक बी तोंडात घोळवून बाजूला काढायची, गर चाटायचा, सालीला चिकटलेलं चमच्याने खरवडायचं. पंधरा-वीस मिनिटं जातात. अर्धं वजन साली-बियांतच जातं. इतक्या वेळात माणूस चार बर्फ्या खाऊन हात धुऊन मोकळा होतो. कॅलरीच्या आकड्यावरून सीताफळाला घाबरणाऱ्यांनी ते खायला लागणारा वेळही धरावा.

खरा प्रश्न : ‘ऐवजी’ की ‘शिवाय’?

मला या विषयात सगळ्यात कामाची वाटणारी गोष्ट ही. फळ कशाच्या ऐवजी खाल्लं की सगळ्याशिवाय वरून खाल्लं, यावर सगळं ठरतं.

चार वाजता चहासोबत चार ग्लुकोज बिस्किटं खाणारा माणूस बिस्किटं सोडून पेरू खाऊ लागला, तर कॅलरी तेवढ्याच राहतील किंवा किंचित वाढतीलसुद्धा. चार बिस्किटांच्या शंभर कॅलरी आणि दीडशे ग्रॅमच्या पेरूच्याही शंभर. पण पेरू खाल्लेल्याला सहा वाजता फरसाणाचा डबा आठवत नाही. हे झालं ‘ऐवजी’.

आता ‘शिवाय’ बघा. नेहमीचा नाश्ता, दोन वेळचं जेवण, चहा-बिस्किटं सगळं जसंच्या तसं. वर ‘फळं चांगली असतात’ म्हणून सकाळी एक मोठं केळं, दुपारी दोन चिकू, रात्री मालिका बघताना वाडगाभर द्राक्षं. केळ्याचे १०५, चिकूंचे सव्वाशे-दीडशे, द्राक्षं दीडशे ग्रॅम धरली तर १०५. साडेतीनशेच्या घरात गेलो. रोजच्या ५५० तुटीतला अर्ध्याहून जास्त भाग इथेच भरून निघाला आणि हा माणूस महिनाभराने काट्यावर उभा राहून म्हणतो, “मी तर फक्त फळं खातो!” फक्त नाही हो, फळं-ही खाता.

पेनसिल्व्हानिया स्टेट विद्यापीठातला २००९ सालचा प्रयोग इथे बोलका आहे. त्याच माणसांना एका दिवशी दुपारच्या जेवणाआधी सफरचंदाच्या फोडी दिल्या, दुसऱ्या एका दिवशी काहीच नाही. जेवण हवं तेवढं घ्यायची मुभा. फोडी खाल्ल्या त्या दिवशी पोटात फोडी धरूनसुद्धा १५ टक्के कमी कॅलरी गेल्या. फळाने स्वतःची किंमत तर वसूल केलीच, वर जेवणातलंही थोडं वाचवलं. पण एक अट होती : फळ आधी. जेवण भरपेट झाल्यावर, मसाला दूध पिऊन झाल्यावर, ‘बसू दे आता एक केळं’ म्हणून खाल्लेलं फळ काहीही वाचवत नाही.

“मग फळं फुकट धरणारे मूर्ख आहेत का?”

नाहीत. वेट वॉचर्स या अमेरिकी कार्यक्रमात प्रत्येक पदार्थाला गुण असतात आणि दिवसभराचे गुण ठरलेले. २०१० साली त्यांनी बहुतेक ताज्या फळांचे गुण शून्य करून टाकले. फळात कॅलरी नाहीत असं त्यांना वाटत नव्हतं. पूर्वी केळं आणि तेवढ्याच गुणांचं बिस्किटाचं पाकीट समोर असलं की माणसं पाकीट उचलत, ही त्यांची अडचण होती. म्हणजे शून्य हा स्वभावावरचा उतारा होता. हिशोबातली चूक समजून-उमजून केलेली.

लांब पल्ल्याची निरीक्षणंही फळांच्या बाजूने बोलतात, पण हळू आवाजात. अमेरिकेतल्या १ लाख ३३ हजार लोकांच्या २४ वर्षांच्या नोंदी तपासून २०१५ मध्ये छापलेल्या अभ्यासात, रोज फळाचा एक वाटा वाढवणाऱ्यांचं वजन दर चार वर्षांत सरासरी पाव किलोने कमी भरलं. पाव किलो, तेही चार वर्षांत. यावरून ‘फळं खा, बारीक व्हा’ अशी जाहिरात करता येणार नाही. पण फळं खाऊन माणसं फुगतात, हे म्हणणंही यात बसत नाही.

फळ कुठे संपतं?

मोसंबी सोलून खाताना दुसऱ्या मोसंबीनंतर हात थांबतो. तीन-चार मोसंब्यांचा रस मात्र चार घोटांत खाली जातो. १९७७ साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी सफरचंद तीन रूपांत दिलं : अख्खं, लगदा करून आणि रस काढून. साखर तिन्हींत सारखी. रस अख्ख्या सफरचंदाच्या अकरा पट वेगाने संपला आणि पोट सगळ्यात कमी भरलं ते रसानेच. चोथा गाळणीत राहिला की फळाचं निम्मं काम गाळणीतच राहतं. रसाच्या ग्लासाला मी फळ म्हणतच नाही. शंभर-सव्वाशे कॅलरी, बिनशर्त वहीत.

मिल्कशेक तर उघड आहे. चिकूच्या शेकमध्ये चिकू असतो पाहुण्यासारखा. घरचे म्हणजे दूध, साखर आणि वर आइस्क्रीमचा गोळा. फ्रूट सॅलड हे नाव ज्याने ठेवलं त्याने कस्टर्ड लपवायला ठेवलं असावं.

सुकामेव्यातलं फळ जास्त फसवतं. तासगाव-सांगलीकडे द्राक्षं वाळवून बेदाणा करतात, तेव्हा साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. उडतं ते पाणी, साखर सगळी तिथेच. द्राक्षांचे ६९ होते, बेदाण्याचे शंभर ग्रॅमला ३०० होतात. पन्नास द्राक्षं खायची म्हटली तर वाडगा भरून लागेल, पन्नास बेदाणे एका मुठीत मावतात. खजूर, सुके अंजीर यांचंही तेच. आणि ओल्या नारळाला फळ म्हणून सूट मागू नका : खोबऱ्यात तेल असतं, शंभर ग्रॅमला साडेतीनशेच्या वर. शहाळ्याचं पाणी मात्र हलकं. हल्ली मंडईत दिसणारं अॅव्होकॅडोही तेलकट गटातलंच, १६०.

“पण फळातली साखर नैसर्गिक असते ना?”

ऊससुद्धा शेतातच येतो. फळातली साखर आणि डब्यातली साखर यांच्या एका ग्रॅमला सारख्याच कॅलरी आहेत. फरक आहे तो साखर कुठे बसली आहे यात. अख्ख्या फळात ती पेशींच्या आत, चोथ्याच्या जाळीत अडकलेली असते. ती चावून, फोडून, हळूहळू बाहेर काढावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये साखरेवर मर्यादा घालताना हीच रेघ ओढली. मोकळी साखर दिवसाच्या कॅलरींच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवा, असं त्यांनी सांगितलं. त्या मोकळ्या साखरेत फळांचा रस धरला, मधही धरला. अख्खं फळ धरलं नाही.

फळ मध घालून खाणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं.

“केळं, चिकू, सीताफळ, द्राक्षं बंद करू का?”

कशाला? पण ‘एक केळं’ हे माप नाही, हे लक्षात ठेवा. वेलची केळं सोलल्यावर जेमतेम पन्नास ग्रॅम भरतं, ४५ कॅलरी. जळगावकडचं लांबडं केळं सोलून १२० ग्रॅमपर्यंत जातं, १०५. कोकणातलं राजेळी त्याहून मोठं. तीन घरांत तीन माणसं ‘रोज एक केळं’ खातात आणि तिघांचा हिशोब वेगळा.

द्राक्षांची अडचण निराळी. त्यांना साल काढायची नाही, बी नाही, हात चिकट होत नाहीत, मध्ये थांबायला कारणच नाही. नाशिकची द्राक्षं हंगामात स्वस्त झाली की घड पाण्यातून काढून समोर ठेवायचा आणि बोलता बोलता दांडा उरतो. माझा एक उपाय आहे, तुम्हाला पटला तर बघा : घड समोर ठेवायचा नाही, वाटीत काढून आणायची आणि उरलेली फ्रीजमध्ये ठेवायची. उठून जायचा कंटाळा बरंच काम करतो. कापा फणसाच्या गऱ्यांना तर हाच नियम दुप्पट लावावा. आणि द्राक्षांना खलनायक करण्याआधी हेही सांगतो : पावणेदोन लाखांहून जास्त लोकांवरच्या, २०१३ मध्ये छापलेल्या अभ्यासात द्राक्षं आणि सफरचंदं नेहमी खाणाऱ्यांना मधुमेहाचा धोका कमी दिसला. रस पिणाऱ्यांना जास्त.

‘जेवणावर फळ खाल्लं की ते पोटात कुजतं’, ‘सूर्यास्तानंतर फळाची चरबी होते’ वगैरेंवर जागा घालवत नाही. जठरातल्या आम्लात कुजायला कुणाला सवड मिळत नाही आणि कॅलरीला घड्याळ कळत नाही.

उपवासाचं काय?

‘आज उपवास आहे, फक्त फलाहार,’ असं म्हणणाऱ्याच्या ताटलीत पाहा. दोन केळी, चार खजूर, शेंगदाण्याचा लाडू, बटाट्याचा चिवडा आणि दुपारी साबुदाण्याची खिचडी. फळांचे तीनशे, बाकीच्यांचे त्याच्या तिप्पट. नाव मात्र फळांचं होतं. नुसती फळं खाऊन केलेला उपवास खरोखर हलका होतो, पण त्यात प्रथिनं जवळजवळ नसतात आणि दुसऱ्या दिवशी भूक व्याजासकट वसूल करते. वजनासाठी आठवडाभर फक्त फळं खाणाऱ्यांबद्दल मी एवढंच म्हणेन की उतरलेल्या किलोंत पाणी आणि स्नायूही असतात, आणि काटा ते वेगळं दाखवत नाही.

मोजायचं तर किती काटेकोर?

न्यूयॉर्कमध्ये १९९२ साली, ‘आम्ही कमी खातो तरी वजन उतरत नाही’ म्हणणाऱ्यांचं खाणं नेमकेपणाने तपासलं. त्यांनी जेवढं खाल्लं होतं त्यापेक्षा सरासरी ४७ टक्के कमी सांगितलं होतं. ती माणसं खोटारडी नव्हती. हातावर पडलेलं, चव बघितलेलं, पोराच्या ताटात उरलेलं कुणाच्या लक्षात राहतं? त्यामुळे काही आठवडे वही ठेवण्याला माझा पाठिंबा आहे. पण त्या वहीत सफरचंदावर ५२ की ५७ याचा काथ्याकूट करणारा माणूस कढईत तेल धारेने ओतत असेल, तर त्याने आधी तेल मोजावं. एक मोठा चमचा तेल म्हणजे सव्वाशे कॅलरी, एका ताटभर पपईपेक्षा जास्त.

मी स्वतः असं करतो. दिवसाला दोन फळं, ताजी, अख्खी, चावून खाल्लेली : लिहीत नाही. तिसऱ्यापासून लिहितो. रस, शेक, बेदाणे, खजूर, खोबरं पहिल्यापासून लिहितो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शनात दोन हजार कॅलरींच्या दिवसात फळं १०० ग्रॅम आणि भाज्या ४०० ग्रॅम धरल्या आहेत. शंभर ग्रॅम म्हणजे एक लहान पेरू. त्या मानाने माझी बिनहिशोबी दोन फळं जरा सैलच आहेत, मला माहीत आहे. तीन-चार आठवडे काटा हलला नाही तर आधी तेल, मग साखर, मग भाताचा दुसरा वाढप, आणि तरीही नाही तर ती दोन फळं वहीत येतात. आजवर तिथपर्यंत जायची वेळ आली नाही, तेलावरच चोर सापडतो.

हे सगळं ज्यांना साखरेचा आजार नाही त्यांच्यासाठी. मधुमेह असेल तर कॅलरीपेक्षा एका वेळी किती कर्बोदकं गेली याचा हिशोब महत्त्वाचा, आणि तो औषधांशी बांधलेला असतो. मूत्रपिंडाचा विकार असेल तर केळी-संत्र्यांतलं पोटॅशियम बघावं लागतं. तिथे डॉक्टरांना विचारूनच. आणि मोजायला लागलं की ज्यांचं जेवणातलं मनच उडतं, घास घास अपराधी वाटतो, त्यांनी वही बंद करून ठेवावी, फळांची तर नक्कीच.

मग हापूसचं काय?

मे महिन्यात सगळ्यांना हेच विचारायचं असतं. एक मध्यम हापूस कापून खाल्ला, शंभर-सव्वाशे. दोन खाल्ले, अडीचशेच्या आत. एवढ्याने कुणाचं काही बिघडत नाही, रात्रीची एक पोळी आणि भात कमी केला की जमलं. आमरसाची गोष्ट वेगळी, आणि त्यात आंब्याचा दोष सगळ्यात कमी. वाटीभर रसात आंबा साधारण शंभरचा. दोन चमचे साखर, ४०. वरून तुपाची धार, ४५. आणि पुऱ्या, एकेक ऐंशी ते शंभर. रविवारी सहा पुऱ्या आणि तीन वाट्या झाल्या तर पुऱ्यांचेच पाचशेच्या पुढे गेले, रस त्याच्या शेजारी. अॅपमध्ये हे सगळं ‘आंबा’ या नावाखाली टाकणारे लोक मी पाहिले आहेत.

आमच्याकडे यंदा पुऱ्यांऐवजी रस-पोळी झाली, साखर न घालता. वडिलांनी पहिल्या वाटीला तोंड वाकडं केलं, दुसरी मागून घेतली.